सायकलने ऑफिस: वेळ रस्त्यात जातो की दोन टोकांना?

पौडफाटा

"सायकलने ऑफिसला जायची फार इच्छा आहे हो, पण वेळच मिळत नाही." हे इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. माझं म्हणणं असं की ऑफिस दहा-बारा किलोमीटरच्या आत असेल तर वेळ रस्त्यात जात नाही, दोन टोकांना जातो. घरातून निघण्याआधीची वीस मिनिटं आणि ऑफिसात पोचल्यानंतरची वीस मिनिटं. ती आटोक्यात आणली की बाकीचं जमतं.

आधी रस्त्याचा हिशेब. मी पुण्यात पौड फाट्याजवळ राहते, ऑफिस बाणेरला. दहा किलोमीटरच्या आसपास अंतर. लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ चौक आणि पुढे बाणेर. सकाळी नऊला स्कूटर काढली तर पस्तीस-चाळीस मिनिटं सहज लागतात. विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल २०२० साली पाडले, त्यानंतर कितीतरी काळ त्या चौकात किती वेळ जाईल याचा काही नेम नव्हता. सायकलने मला पंचेचाळीस मिनिटं लागतात. म्हणजे फरक पाच-दहा मिनिटांचा. शिवाय ही पंचेचाळीस मिनिटं रोज पंचेचाळीसच असतात. चौक तुंबला तरी सायकल कडेने निघते, अगदीच अडलं तर उतरून हातात धरून पुढे नेता येते. साडेनऊच्या मीटिंगला वेळेवर बसायचं असेल तर या खात्रीची किंमत मोठी आहे.

दुसरा हिशेब व्यायामाचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आठवड्यातून दोनच दिवस सायकल काढली आणि जाऊन-येऊन दीड तास धरला तर १८० मिनिटं तिथेच होतात. मी संध्याकाळची जिम बंद केली. जिमला जाणं, येणं आणि तिथला तास असा सगळा वेळ मोकळा झाला. स्कूटरपेक्षा जास्त लागणारी मिनिटं त्यातून वजा केली तरी माझ्या हातात वेळ उरतो.

आता टोकं.

सकाळचं टोक आदल्या रात्री संपवायचं. टायर अंगठ्याने दाबून हवा बघायची, दिवे चार्जिंगला लावायचे, बॅग सायकलजवळ आणून ठेवायची. सकाळी पंप शोधत बसलात की सायकल राहते आणि स्कूटरची किल्ली हातात येते. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

कपडे सायकलवर न्यायचेच नाहीत. सोमवार माझा स्कूटरचा दिवस. त्या दिवशी दोन जोड इस्त्रीचे कपडे, एक पातळ पंचा आणि चपला ऑफिसच्या कपाटात जातात. मंगळवार आणि गुरुवार सायकल. शुक्रवारी मळलेले कपडे स्कूटरने घरी. सायकलवर फक्त डबा आणि लॅपटॉप. तेही पाठीवर नाही, मागच्या कॅरिअरला अडकवायच्या बॅगेत. पाठीवर सॅक असली की पाठीला वारा लागत नाही, सगळा शर्ट चिंब होतो आणि खांदे दुखतात ते वेगळंच.

घामाचं म्हणाल तर पुण्यात सकाळी साडेआठपर्यंत पोचलात तर मार्च-एप्रिलसुद्धा सुसह्य आहे. ऑफिसात शॉवर नाही म्हणून बरेच जण विचारच सोडून देतात. माझ्याही ऑफिसात नाही. शेवटचा एक किलोमीटर मी मुद्दाम सावकाश जाते. पोचल्यावर लगेच बाथरूममध्ये पळायचं नाही. आपण थांबतो तेव्हा अंगावरचा वारा थांबतो, पण आतली उष्णता बाहेर पडत राहते, म्हणून आणखी दहा-पंधरा मिनिटं घाम येतच राहतो. तेवढ्यात अंग पुसून कोरडे कपडे चढवले तर तेच भिजतात. पंख्याखाली शांत बसायचं, पाणी प्यायचं, मेल वाचायचे. मग पंच्याच्या ओल्या टोकाने मान, काखा, पाठ पुसायची, कोरड्याने टिपायचं आणि कपडे बदलायचे. यात वाया जाणारी मिनिटं चार-पाच. बाकीच्या वेळात काम सुरू झालेलं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घर. सायकलसाठी लागणारा वेळ आकाशातून पडत नाही, तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी वेळातून येतो. मी पावणेआठला निघते तेव्हा मुलीला स्कूलबसपर्यंत सोडायला आणि तिचा डबा भरायला कुणीतरी हवं. आम्ही दोघांनी बसून ठरवलं: मंगळवार-गुरुवार सकाळ नवऱ्याची, सोमवार-बुधवार-शुक्रवार माझी. त्याच्या त्या तीन सकाळी पोहायला जाण्यासाठी राखून ठेवल्यात, त्यात मी काही घुसवत नाही. "मी उद्यापासून सायकलने जाणार" असं जाहीर करून मोकळं होणारे आणि घरच्यांना धावपळ करायला लावणारे पुष्कळ बघितलेत. ते टिकत नाही, टिकूही नये.

तुम्ही कसं बसवता हे जरूर लिहा. पाऊस, लांबचं अंतर, रात्रीची परतीची वेळ, शिफ्ट, सगळंच.

वारजेकर_हिंजवडी

ताई, धागा अगदी योग्य वेळी काढलात. पण दहा किलोमीटर ठीक, आमच्यासारख्यांनी काय करायचं? वारज्याहून हिंजवडी फेज दोन म्हणजे एका बाजूने वीसच्या आसपास पडतं. जाऊन-येऊन चाळीस, वर दिवसभर काम.

मी यावर एक तोडगा काढलाय, तो सांगतो. मी एका दिवसात दोन्ही बाजू करत नाही. मंगळवारी सकाळी सायकलने जातो, सायकल ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुलूप लावून ठेवतो आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने परत येतो. बुधवारी सकाळी बसने जातो आणि संध्याकाळी सायकलने घरी. दोन दिवसांत एक फेरी. पाय दमत नाहीत, आणि बुधवारी सकाळी महत्त्वाची मीटिंग असेल तर मी कोरडा, बसमध्ये झोप काढून पोचलेला असतो.

एकच पथ्य: सायकल रात्रभर ऑफिसात राहते, म्हणून कुलूप दणकट घ्या. पातळ वायरचं कुलूप साध्या कटरने तुटतं. लोखंडी यू आकाराचं घ्या, आणि चौकटीसकट मागचं चाक खांबाला बांधा. पुढचं चाक चटकन निघणारं असेल तर त्यालाही वेगळी साखळी.

पौडफाटा

@वारजेकर_हिंजवडी, फार उपयोगी. ज्यांच्या कंपनीची बस आहे त्या प्रत्येकाला हे जमेल. एक विचारू? बायपासच्या सर्व्हिस रोडने जाता की आतून?

वारजेकर_हिंजवडी

सकाळी चांदणी चौकापर्यंत सर्व्हिस रोड, मग बावधन, पाषाण, सूस रस्ता, बाणेर, बालेवाडी असं आतून. लांब पडतं, पण हायवेवर अवजड गाड्यांच्या शेजारून जाण्यापेक्षा दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडला आणि २०२३ मध्ये नवीन पूल, रॅम्प सुरू झाले. गाड्यांची सोय झाली. सायकलवाल्याने मात्र कुठला रॅम्प कुठे उतरतो हे आधी एका रविवारी सकाळी जाऊन बघून यावं. चुकीच्या रॅम्पवर चढलात की थेट हायवेवर.

नीलकंठ_१९५१

ताईंचं लिखाण आवडलं. आमच्या पिढीचा अनुभव नोंदवतो.

मी पिंपरीला कारखान्यात होतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पहिल्या पाळीच्या वेळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर नुसत्या सायकली दिसत. हँडलला डबा, मागे कॅरिअरला घडी केलेला रेनकोट. रात्रपाळीला डायनॅमोचा दिवा. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, आणि दिवा नसला की पोलीस अडवत. त्या काळी कोणी म्हणत नसे की सायकलसाठी वेळ काढतोय. कामावर जाण्याचं साधन तेच होतं.

पण एक फरक माझ्या मते फार मोठा आहे. आमच्या पाळीची वेळ ठरलेली होती. भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की बाहेर. त्यामुळे सगळं घर त्या घड्याळावर चालायचं. आज माझा मुलगा संध्याकाळी सहाला निघेल की नऊला, हे त्यालाच ठाऊक नसतं. तो सायकल घेऊन गेला आणि अमेरिकेचा कॉल लांबला तर रात्री दहाला काळोखात परत येणार. तेव्हा तरुण मंडळींनी आधी निदान दोन दिवस तरी निघायची वेळ पक्की करून घ्यावी. साहेबाला सांगून, कॅलेंडरवर लिहून.

पौडफाटा

काका, अगदी हेच. मी मंगळवार-गुरुवार संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा कॅलेंडरवर "प्रवास" म्हणून अडवून ठेवलंय. सुरुवातीला लोक त्यावर मीटिंग टाकायचे, मी दरवेळी दुसरी वेळ सुचवायचे. आता टाकत नाहीत.

रस्ताभीरू

सगळं वाचून छान वाटतं, पण मला प्रामाणिकपणे विचारायचंय: भीती नाही वाटत? कर्वे रस्त्यावर पीएमपीची बस, रिक्षा, उलट दिशेने येणारे दुचाकीवाले, मध्येच उघडणारं गाडीचं दार. माझी आई म्हणते, वेळ नाही हे कारण सगळे सांगतात, पण खरं कारण भीती असतं. मला तिचं पटतं.

ठिगळ_आणि_सोल्यूशन

@रस्ताभीरू, आईचं बरोबर आहे आणि भीती रास्त आहे. पुण्यासाठी सर्वंकष सायकल आराखडा २०१७ साली मंजूर झाला. त्यात आठशेहून जास्त किलोमीटरच्या मार्गांचं जाळं दाखवलं होतं. प्रत्यक्षात जे तुकडे आहेत त्यांवर गाड्या लागलेल्या असतात, कुठे विजेचा डीपी बॉक्स मध्येच उभा, कुठे ट्रॅक संपतो तिथे एवढी उंच कडा की उतरावंच लागतं. याबद्दल मला मनापासून चीड आहे. ज्या शहराला सायकलींचं शहर म्हणायचे तिथे शाळकरी पोरांना सायकलवर पाठवायला आईबाप धजावत नाहीत.

ट्रॅक होईपर्यंत मी काय पाळतो ते लिहितो.

बस, डंपर, काँक्रीट मिक्सर यांच्या डाव्या बाजूला सिग्नलला कधीच उभं राहायचं नाही. ड्रायव्हर उंचावर बसतो, त्याला डावीकडचा खालचा सायकलवाला दिसत नाही, आणि सिग्नल सुटल्यावर तो डावीकडे वळला की मागचं चाक आपल्या अंगावर येतं. एक तर त्याच्या पूर्ण पुढे, त्याला दिसेल असं, नाहीतर मागे. मधलं काही नाही.

लावलेल्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर. म्हणजे आपण रस्त्यात बऱ्यापैकी आत येतो. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. अगदी कडेला दबून चालवलं की लोक चिकटून ओव्हरटेक करतात.

मागचा लाल दिवा दिवसासुद्धा लुकलुकता ठेवायचा. आणि कानात काही घालायचं नाही.

मार्ग मात्र स्कूटरचा नको. गूगलने सांगितलेला जवळचा रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांचा रस्ता शोधा. दोन किलोमीटर वाढतील, पण धाकधूक कमी होते.

पौडफाटा

यात मी भर घालते. विद्यापीठ चौक ओलांडला की मी सरळ बाणेर रस्त्याला लागत नाही. पाषाण रस्त्याने एनसीएलपर्यंत (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) झाडांच्या सावलीतून जाते आणि अभिमानश्री सोसायटीतून बाणेर रस्त्याला निघते. प्रत्येकाच्या मार्गावर अशी एखादी आतली वाट असतेच.

शिफ्ट_ड्यूटी

नाशिकहून. मी नर्स आहे. ताई, तुमचं वाचून हेवा वाटला, कारण आम्हाला कॅलेंडर अडवता येत नाही. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी फिरत असते.

मी फक्त सकाळपाळीच्या आठवड्यात सायकल काढते. सकाळी साडेसहाला रस्ते रिकामे, दुपारी परत येताना ऊन असतं पण उजेड असतो. दुपारपाळी सुटते रात्री नऊनंतर, तेव्हा रिक्षा. रात्रपाळी करून सकाळी झोप डोळ्यांवर घेऊन सायकल चालवणं मला धोक्याचं वाटतं, म्हणून तेही नाही. आमच्यातल्या काही जणींना वाटतं की रोज जमत नसेल तर कशाला करायचं. मी त्यांना म्हणते, जो आठवडा मिळतो तो घे.

सायकलबद्दल: मधला दांडा नसलेली, बायकांची म्हणतात ती घ्या. सलवार असो की साडी, चढउतार सोपी. साखळीवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी असलेली. ओढणी पुढे गाठ मारूनच बसायचं, गळ्याभोवती सैल तर कधीच नाही.

मांडवीपलीकडे

गोव्यातून. मी चोडण बेटावर राहतो, काम पणजीत. माझं वेळापत्रक फेरीबोट ठरवते. घरून धक्क्यापर्यंत सायकल, मग सायकलसकट फेरीत. पलीकडे रायबंदर. तिथून पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या कॉजवेवरून सरळ पणजी, एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला मांडवी. चढ नाही.

पौडफाटा ताईंनी घाम निघून जाण्याबद्दल लिहिलंय, ते फेरीत आपोआप होतं. धक्क्यापर्यंत जोरात मारायची, बोटीत वाऱ्याला उभं राहायचं, आणि पुढचा सपाट रस्ता आरामात. पणजीत पोचेपर्यंत शर्ट सुकलेला. ज्यांच्या वाटेत फेरी, लोकल, मेट्रो असं काही असेल त्यांनी जोर लावायचा भाग त्याच्या आधी ठेवावा.

पावसात मात्र कॉजवेवर वारा असा आडवा येतो की सायकल लोटली जाते. जून-जुलैमध्ये मी सायकल रायबंदरला ओळखीच्या घरी ठेवतो आणि बस धरतो.

खराडी_कंपनी

पुण्यातल्या लोकांसाठी: वनाझ ते रामवाडी पूर्ण मेट्रो मार्च २०२४ पासून सुरू आहे. मी कोथरूडहून खराडीला जातो. वीस इंची चाकाची घडीची सायकल आहे. घरून आनंदनगर स्टेशन, मेट्रोने रामवाडी, तिथून खराडी सायकलने. दोन्ही टोकांना रिक्षासाठी उभं राहण्यात जो वेळ जायचा तो वाचला. मेट्रोत बसून मेल संपतात. ऑफिसात सायकल टेबलाखाली जाते, पार्किंगचा प्रश्नच नाही.

घडीची सायकल घेताना वजन हातात उचलून बघा. तेरा-चौदा किलो कागदावर कमी वाटतं, जिन्याने दोन मजले चढवून बघा म्हणजे कळेल. माझ्या स्टेशनला लिफ्ट आहे म्हणून निभावतं.

ठाणे_स्लो

मुंबईत लोकलच्या मालडब्यात घडीची सायकल नेणारे आहेत, पण सकाळी आठ ते दहा सीएसएमटीकडे जाताना विचारही करू नये. माझी पद्धत वेगळी: दोन साध्या जुन्या सायकली. एक घर ते ठाणे स्टेशन, दुसरी उतरतो त्या स्टेशनपासून ऑफिसपर्यंत. दोन्ही इतक्या जुनाट की चोराला नकोत. स्टेशनबाहेर पे-अँड-पार्कचा मासिक पास काढलाय.

डेल्फ्टकर

नेदरलँड्समधून नमस्कार. इथल्या लोकांना "वेळ कसा काढता" हा प्रश्नच कळत नाही, कारण सायकल हाच वेळ वाचवायचा मार्ग आहे. पण हे आपोआप घडलेलं नाही, व्यवस्था केलेली आहे. उट्रेख्त स्टेशनखाली १२,५०० सायकली मावतील असं पार्किंग आहे, पहिले २४ तास फुकट. कामावर जाण्यायेण्यासाठी कंपनीने प्रवासभत्ता दिला तर २०२४ पासून किलोमीटरमागे २३ सेंटपर्यंत तो करमुक्त असतो, आणि सायकलने गेलात तरी तेवढाच मिळू शकतो. ट्रेनमध्ये घडी केलेली सायकल कधीही फुकट. न दुमडणारी मात्र तिकीट काढून, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळा सोडूनच.

सांगायचं कारण असं की ऑफिसकडे मागणी करताना पेट्रोल भत्त्याचा मुद्दा काढा. स्कूटरवाल्याला भत्ता आणि सायकलवाल्याला शून्य, हे कुठल्याही एचआरला सरळ विचारता येईल.

पौडफाटा

@डेल्फ्टकर, हा मुद्दा नवीन मिळाला. आमच्याकडे आठ-दहा जणांनी मिळून छताखाली सायकल लावायची जागा आणि बाथरूममध्ये दोन खुंट्या मागितल्या होत्या. दोन्ही मिळाल्या. एकट्याने मागितलं तर तो हट्ट वाटतो, आठ जणांनी सही करून दिलं की कामाचं पत्र होतं.

संत्रानगरी

नागपूर. शाळेत शिकवतो. उन्हाळ्यात शाळा सकाळपाळीत भरते, तेव्हा सातला पोचायचं आणि साडेअकराच्या आत घरी. त्यानंतर बाहेर राहू नये, एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मात्र सायकलसारखं सुख नाही. तोंडाला पांढरा दुपट्टा आणि खिशात कांदा ठेवतो, घरच्यांच्या समाधानासाठी.

गुडघा_जपून

माझं वय चोपन्न, गुडघे कुरकुरतात, घर धायरीला उंचावर. बॅटरीची सायकल घ्यावी का? लायसन्स, पासिंग लागतं का? आणि ते व्यायामात धरायचं की नाही?

ठिगळ_आणि_सोल्यूशन

काका, २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तर नोंदणी, लायसन्स लागत नाही. दुकानदार जास्त वेगाची देतो म्हणाला तर ती या नियमात बसत नाही, हे लक्षात ठेवा. पॅडल मारल्यावर मदत करणारी घ्या. व्यायाम नक्की होतो, फक्त चढावर गुडघ्यावर येणारा भार मोटर उचलते. आणि सीटची उंची नीट लावून घ्या: पॅडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट खाली असल्यामुळे गुडघे दुखणारे कितीतरी लोक मी पाहिलेत. डॉक्टरांना एकदा विचारून सुरुवात करा.

नवा_भिडू

पंक्चरचं काय? मीटिंगच्या आधी पंक्चर झालं तर सगळा बेत कोलमडला. मला तर हीच सगळ्यात मोठी धास्ती आहे.

ठिगळ_आणि_सोल्यूशन

नावच असं घेतलंय म्हटल्यावर सविस्तर लिहितो.

वाटेत ठिगळ लावत बसायचं नाही. सीटखालच्या पिशवीत एक जास्तीची ट्यूब, प्लॅस्टिकचे दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप. चाक काढा, ट्यूब बदला, हवा भरा. घरी दोन-तीनदा सराव केलात की पंधरा मिनिटांत होतं. फाटलेल्या ट्यूबला रात्री घरी निवांत ठिगळ लावायचं, ती पुढच्या वेळची जास्तीची ट्यूब.

नवी ट्यूब घालण्याआधी मात्र एक काम कधीही टाळू नका. टायरच्या आतून बोट फिरवण्याऐवजी कापसाचा बोळा किंवा जुना मोजा फिरवा. मोठ्या रस्त्यांवर ट्रकच्या झिजलेल्या टायरमधून सुटलेल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात. त्या टायरमधून आत टोक काढून बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला कापतात. कापसाचा धागा जिथे अडकेल तिथे तार आहे. ती चिमट्याने बाहेरून ओढून काढा. ती राहिली तर नवी ट्यूब अर्ध्या किलोमीटरवर जाते आणि लोक ट्यूबला दोष देतात.

वॉल्व्ह कुठला आहे तेही आत्ताच बघून ठेवा. मोटारसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोलपंपावर हवा भरता येते. बारीक, लांब असेल तर पितळी अडॅप्टर लागतो. अगदी स्वस्त मिळतो, पंपाच्या पिशवीतच ठेवा.

आणि आठवड्यातून एकदा हवा भरा. शहरातली बरीच पंक्चर हवा कमी असल्यामुळे होतात. खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

पौडफाटा

हे वेगळं साठवून ठेवावं इतकं कामाचं आहे, दादा. मी पावसाचं लिहिते, कारण वर राहिलं.

पावसाळ्यात मी सायकल बंद करत नाही, पण दोन दिवसांचे नियम बदलते. निघताना धो-धो असेल तर स्कूटरही नाही, बस. भुरभुर असेल तर सायकल. आपण अंग भिजू नये म्हणून रेनकोटच्या मागे लागतो, पण रेनकोटच्या आत घामाने तेवढंच भिजायला होतं. मी भिजू देते, कपडे ऑफिसात कोरडे आहेतच. लॅपटॉप आणि फोन तेवढे वॉटरप्रूफ पिशवीत. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड हवेतच, नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ उमटते.

पाणी साचलेल्या डबक्यातून जायचं नाही, खाली खड्डा किती हे दिसत नाही. ड्रेनेजची लोखंडी झाकणं आणि झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे ओले असताना फार निसरडे होतात, त्यांवर वळायचंही नाही आणि ब्रेकही लावायचा नाही. रिमवर दाबणारे ब्रेक पावसात उशिरा लागतात, म्हणून अंतर वाढवायचं. घरी आल्यावर साखळी फडक्याने पुसून तेलाचे थेंब. पावसाळ्यासाठी दाट तेल मिळतं, ते वाहून जात नाही. हे सगळं रात्री पाच मिनिटांचं काम आहे आणि मुलीला ते करायला आवडतं, त्यामुळे माझ्याकडे फारसं उरतही नाही.

रस्ताभीरू

ताई, सगळे प्रतिसाद वाचले. आईलाही वाचून दाखवले. मी कर्वेनगरला राहते, ऑफिस औंधला. पहिल्यांदा एकटीने जायची तयारी नाही. सेनापती बापट रस्त्यापर्यंत कोणी सोबत असेल तर बरं होईल.

पौडफाटा

अवश्य. गुरुवारी पावणेआठला नळस्टॉपला, मेट्रोच्या खांबाखाली कोथरूडकडून येताना डाव्या बाजूला. आपण लॉ कॉलेज रस्त्याने जाऊ, विद्यापीठ चौक बरोबर ओलांडू, तिथून तुम्हाला औंधकडे वळायचं. आदल्या रात्री हवा भरून ठेवा आणि मागचा दिवा लावून या. सीट उंच-खाली करायची असेल तर पाना माझ्याकडे असेल. आई सोबत स्कूटरने यायचं म्हणत असतील तर त्यांनाही घेऊन या.

वारजेकर_हिंजवडी

गुरुवारी माझाही सायकलचा दिवस ठेवतो. वारज्याहून नळस्टॉपला येऊन पुढे बाणेरपर्यंत तुमच्याबरोबर, मग बालेवाडीवरून हिंजवडी. जास्तीची ट्यूब दोन साइजच्या आणतो. @रस्ताभीरू, तुमच्या टायरच्या कडेवर आकडे छापलेले असतात, ते इथे लिहा.

रस्ताभीरू

७०० × ३५ सी लिहिलंय. वॉल्व्ह जाड आहे.

वारजेकर_हिंजवडी

ठीक. ती ट्यूब आहे माझ्याकडे.